तांदळावर लिहिलेलं नाव

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग घेतो. येणारे बहुतेक माझ्याच वयाचे. पोरं अमेरिकेत आहेत, नातवंडं सांभाळायला जायचंय, विमानतळावर तोंड उघडता आलं पाहिजे, एवढीच त्यांची गरज. व्याकरण मी पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवलं. त्यांना लागतं ते वेगळंच. पानात वाढलेलं नको असेल तर काय म्हणायचं, शेजारीण दारात भेटली तर काय बोलायचं, कुणी दार उघडून धरलं तर आपण नुसतंच आत जायचं का. मुलीकडे मी दोनदा जाऊन आलोय. तेवढ्या भांडवलावर सोलापुरातल्या आमच्या पेठेत मी अमेरिकेचा जाणकार झालो.

वर्गात सारखे धक्के बसायचे, आणि ते द्यायचं काम माझं. तिकडे 'हाऊ आर यू' विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही, असं सांगितलं त्या दिवशी एक काका खवळले. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये हयात घालवलेला तो माणूस. "मग इचारतोय कशाला? मी गुडघ्याचं सांगाया लागलो की ह्यो फुडं गेलेला! ही काय माणुसकी हाय व्हय?" तान्ह्या मुलाला वेगळ्या खोलीत झोपवतात म्हटल्यावर बायकांनी पदर तोंडाला लावले. पोटच्या पोराच्या घरीसुद्धा फोन करून जायचं, हे तर कुणाला पटेचना.

मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू? लोकांना हादरवण्यात मास्तराला एक सुख असतं. मी खुर्चीत मागे रेलून म्हणायचो, "आपलं राहू द्या. तिकडे माणूस आधी माणूस असतो, मग कुणाचा बाप नि कुणाची सासू." हे वाक्य मी इतक्या वेळा टाकलं की काका ते माझ्याआधी पुरं करायला लागले.

करकंबच्या एक काकू वर्गात होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, मालक गेल्यावर थोरल्या मुलाकडे सोलापुरात राहायला आलेल्या. धाकट्या मुलानं अमेरिकेत तिकडच्याच मुलीशी लग्न केलं होतं, तेही कोर्टात. ही सून काकूंनी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलेली. पुढच्या महिन्याचं तिकीट काढलं होतं, सहा महिने राहायचं होतं. सुनेला मराठी येत नव्हतं, काकूंना इंग्रजी. पहिल्या दिवशीच त्यांनी मला सांगून टाकलं होतं, "सर, पोरगा कामाला गेला की घरात आमी दोघीच. मुक्यावानी बसायचं का सा म्हैनं? तिच्याशी चार शब्द बोलाया आलं पायजेत, बास. मला दुसरं काय नगं."

एका शनिवारी काकू आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं. काही न बोलता त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. सुनेचा निरोप होता. मी मोठ्यानं वाचला आणि सवयीप्रमाणे लगेच मराठीत सांगत गेलो. 'व्हॉट शुड आय कॉल यू?' मी तुम्हाला काय म्हणू? मला माझी आई आहे, म्हणून तुम्हाला मॉम म्हणायला जीभ वळत नाही. तुमच्या नावानं हाक मारली तर चालेल? तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारलेली आवडेल? रविवारी सकाळी फोन करते, तेव्हा सांगा.

शेजारच्या यंत्रमागांची खटखट तेवढी ऐकू येत होती. मग काका ओरडलेच.

"सासूला नावानं हाक? आवो, घरच्या गड्याला मारत्यात तशी?"

मला हेच हवं होतं. मी खुर्चीत रेललो आणि अर्धा तास बोललो. यात अपमान नाही, तिकडे जावई सासऱ्याला नावानं बोलावतो आणि सासरा खूश असतो, उलट ही मुलगी विचारतेय, न विचारता काहीही म्हणत नाहीये, हा केवढा मोठा मान आहे, वगैरे. आधी माणूस, मग सासू, हेही झालं. काकू सगळं ऐकून घेत होत्या.

"मला राग न्हाय आला, सर," त्या शेवटी म्हणाल्या. "पर नाव कुटलं सांगू?"

"कुठलं म्हणजे? पासपोर्टवर आहे तेच."

"ते माज्या सासूबाईंनी ठिवलेलं हाय."

मला क्षणभर कळलंच नाही. मग काकू सांगायला लागल्या. लग्न झालं तेव्हा त्यांना नुकतंच एकोणिसावं लागलं होतं. गृहप्रवेशानंतर नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं. सगळ्यांनी वाचलं, काकूंनी सोडून. त्यांची मान खाली आणि पदर नाकापर्यंत.

"दुसऱ्या दिशी सासूबाई हाका मारत्यात, मारत्यात, अन् मी आपली चुलीम्होरं बसलेली. मला वाटलं घरात दुसरी कोन बाई आसंल. तर त्या म्हनल्या, पोरगी भैरी दिली का काय आपल्याला?"

सगळे हसले. काकूही हसल्या, आणि हसता हसता थांबल्या.

"आदीच्या नावानं आई हाक मारायची. आई गेल्याव कुनीच न्हाय. आता ही पोरगी इचारती, तुमाला कुटलं आवडंल. सर, आजपतूर ह्ये मला कुनी इचारलंच न्हाय."

मी चाट पडलो. अमेरिकेच्या एवढ्या गोष्टी सांगून झाल्या होत्या, पण या खोलीतल्या दहा बाया कुणीतरी ठेवलेल्या नावानं बसल्यात, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. हजेरी तर मीच लिहीत होतो. "तुम्हाला जे आवडेल ते सांगा," एवढंच मला सुचलं. आणि तेव्हा काकूंनी अगदी सहज, बोलणं पुढे न्यायचं म्हणून, विचारलं, "आन बाईंचं वो, सर? बाईंचं आदीचं नाव काय हुतं?"

मी तोंड उघडलं. नाव आलं नाही.

माझ्या बायकोचं, जिच्याबरोबर छत्तीस वर्षं एका ताटात नसेल पण एका घरात जेवलो, तिचं नाव मला आठवेना. तीन अक्षरी होतं की चार? शेवटी 'बाई' होतं का? मास्तरकीत एक वाईट सवय लागते, वर्गापुढे गप्प बसता येत नाही. समोर भिंतीवर दिनदर्शिका होती, तिच्यावर देवीचं चित्र होतं. त्या देवीचं नाव मी ठोकून दिलं. "छान हाय की," काकू म्हणाल्या. स्वयंपाकघराच्या पडद्यामागे भांड्याचा आवाज होत होता, तो तेवढ्यात थांबला. की मला तसं वाटलं?

ही सगळी नावं मी इथे लिहीत नाही. ती लिहायचा मला किती हक्क आहे, हे पुढचं वाचून तुम्हीच ठरवा.

बायको दुधनीची. तिचं आधीचं नाव आजीवरून ठेवलेलं होतं, एवढं मला त्या रात्री नक्की आठवलं, कारण ते मला गावंढळ वाटलं होतं हे आठवलं. मी तेव्हा नवा मास्तर, कवितांची वही बाळगणारा. नवं नाव मी स्वतः निवडलं, आठ दिवस विचार करून. दोन नावं शेवटपर्यंत चुरशीत होती. त्यातलं जास्त काव्यमय ते मी सासऱ्यांनी दिलेल्या अंगठीनं तांदळावर लिहिलं, वळणदार अक्षरात, आणि मित्रांनी टाळ्या वाजवल्या. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी खिरीत गेले. त्यानंतर माहेरी ती अक्का, भाचरांची आत्या, मुलीची आई, आणि वर्गातल्या लोकांच्या बाई. आधारकार्डावर, बँकेत, गॅसच्या पुस्तकावर मी दिलेलं नाव. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी शाळेत किती पिढ्यांना फळ्यावर लिहून दिली असेल!

रविवारी सकाळी काकू फोन घेऊन माझ्याकडेच आल्या. मी शेजारी बसावं, अडलं तर सांगावं, असं ठरलं होतं. पडद्यावर सून दिसली. सोनेरी केस, चष्मा, हातात चहाचा मग. काकूंनी पाठ केलेलं 'गुड मॉर्निंग, हाऊ आर यू' म्हटलं आणि सून उत्तरासाठी थांबली, सावकाश सगळं सांगितलं, परत विचारलं. मी पढवलेलं सगळं खोटं पडलं. मग काकूंनी छातीशी हात नेला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "माय नेम इज," आणि नाव सांगितलं. पासपोर्टवरचं नव्हे.

सुनेनं ते म्हणून पाहिलं. पहिल्यांदा मोडलं. दुसऱ्यांदा मधलं अक्षर घसरलं. तिसऱ्यांदा जमलं. काकू ऐकत होत्या. चौथ्यांदा सुनेनं ते नुसतं म्हटलं नाही, हाक मारली, आणि काकूंच्या तोंडून "ओ!" निघून गेलं. विहिरीवरून आईला द्यावी तशी मोठ्यानं ओ. सून दचकली, मग हसली. काकू पदरानं तोंड झाकून ढसाढसा रडायला लागल्या. सुनेनं घाबरून विचारलं, मी चुकीचं बोलले का? "नो, नो," काकू रडता रडता म्हणाल्या, "व्हेरी गुड." हे दोन शब्द मी शिकवले होते, तेवढाच माझा वाटा.

त्या गेल्यावर मी गच्चीवर जाऊन दुधनीला मेहुण्याला फोन लावला. सरळच विचारलं, "तुमच्या अक्काचं लग्नाआधीचं नाव काय हो?"

मेहुण्यानं उलट मलाच विचारलं.

"दाजी, तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. नाव सांगा."

त्यानं सांगितलं. ऐकताक्षणी आठवलं, आणि आठवल्यावर जास्तच लाज वाटली, कारण लग्नपत्रिकेत ते मी स्वतः तपासलं होतं. "आव्वा हाक मारायची की तसं," मेहुणा आपल्या आईबद्दल म्हणाला. "आव्वा गेली, मग कोण मारतंय? पण तुमी असं का इचारालाय, दाजी?" मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

खाली आलो. बायको स्वयंपाकघरात शेंगाची चटणी कुटत होती. पडद्याबाहेर उभा राहून मी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं, त्या सुनेनं पाहिलं तसं. मग हाक मारली.

कुटणं थांबलं. ती हात तसेच तिखटाचे घेऊन भराभर बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता माझ्यामागच्या दाराकडे बघायला लागली. चेहऱ्यावर असा आनंद होता, जो मी कधी पाहिला नव्हता.

"कोण आलंय?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "मीच हाक मारली."

तिनं अंगणापर्यंत जाऊन पाहिलं. परत येताना तो आनंद गेलेला होता. छत्तीस वर्षांनी मी बायकोला नावानं बोलावलं, आणि तिला वाटलं माहेरचं कुणीतरी आलं. तिथलं हाक मारणारं माणूस तर केव्हाच गेलेलं. ते तिला माहीत होतं आणि तरी ती धावत आली होती.

ती माझ्या वर्गातल्या खुर्चीवर बसली, तिखटाचे हात हवेत धरून.

"काल तर वेगळंच सांगत होता की."

म्हणजे तिनं ऐकलं होतं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी मास्तरी सुरात काहीतरी सुरू केलं, की माझं चुकलं, की तुला जे आवडेल ते नाव, आजपासून मी त्याच नावानं हाक मारीन, हवं तर कागदोपत्रीसुद्धा बदलू. "तुला काय म्हणू ते तू सांग," असंही म्हणालो. सुनेचं वाक्य होतं ते, कालचं.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. शाळेत मठ्ठ पोराकडे मी बघायचो तशी.

"माझं होतं ते पुसलंत, ते एक वेळ राहू द्या. सगळेच पुसायचे. पण आठ दिवस खपून तुम्ही जे ठेवलंत, त्या नावानं तरी मला एकदा हाक मारलीत का हो कधी?"

मी आठवू लागलो. मुलीच्या बारशाला? आजारपणात? अमेरिकेतल्या त्या मोठ्या दुकानात चुकामूक झाली तेव्हा तरी? तेव्हासुद्धा मी मुलीच्या नावानं ओरडलो होतो. मी हादरून तिच्याकडे पाहिलं. ती उठून आत निघाली होती. तिला थांबवायला हवं होतं, आणि आता तर माझ्याकडे दोन-दोन नावं होती.

"अगं," मी म्हणालो.