मालकाची कवळी

गॅसवर दूध, भावोजींच्या गालाला साबण, आणि माझी धाकटी जाऊ लेकीची वेणी घालतेय. लेक एका जागी उभी राहील तर शपथ. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना कुणीतरी बोटांनी, चोरासारखं टकटक करत होतं.

दार मी उघडलं. धाकटीच्या दातांच्या लॅबचा मालक! तोंडावर रुमाल घट्ट दाबलेला, हातात छोटी डबी.

"ताई आहेत का?" रुमालाआडून आवाज आला, हवा गेलेल्या चेंडूसारखा.

ताई! कालपर्यंत हा माणूस तिला नुसता "ए" म्हणून हाक मारायचा.

धाकटी कवळ्या बनवते. दंतवैद्य मापं पाठवतात आणि ती मेण, प्लास्टर घेऊन बसते. तिच्या हातच्या दातांनी कितीतरी म्हातारी माणसं पुन्हा हसायला लागली. या देशात ती आली ती याच मालकाने काढून दिलेल्या व्हिसावर. तिच्या पदराला बांधलेले भावोजी आणि लेक. तिची नोकरी सुटली की तिघांचाही मुक्काम हलला. मालकाला हे तोंडपाठ. यंत्र बंद पडलं, "व्हिसा कुणी दिला?" यायला जरा उशीर झाला, "व्हिसा कुणी दिला?" जसा काही यानेच तिला जन्म दिला!

ते सगळं तिने गिळलं, एक सोडून. तिचे वडील शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा ती रजा मागायला गेली. सगळ्या कारागिरांसमोर तो म्हणाला, "खुशाल जा. पण परत येशील तेव्हा नोकरी असेलच असं नाही. आणि म्हातारा काय, आज ना उद्या जायचाच."

ती गेली नाही. वडील गेले. तिने त्यांना शेवटचं पाहिलं ते फोनवर.

दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी मला म्हणाली, "जाऊबाई, याला रडवलं नाही तर बापाचं नाव लावणार नाही."

"आधी दुसरी नोकरी बघ," मी म्हटलं. "पाण्यात राहून माशाशी वैर नको."

तिने डूख धरला, पण मांजरीच्या पावलांनी. दुसऱ्या एका लॅबने तिला घ्यायचं कबूल केलं. मात्र व्हिसा त्यांच्या नावावर होईपर्यंत इथून हलायचं नाही आणि मालकाला सुगावाही लागू द्यायचा नाही. लागला असता तर त्याने तिला त्याच दिवशी काढलं असतं आणि तिघांना बोचकी बांधावी लागली असती. महिनोन्महिने ती हसून "होय साहेब" म्हणत राहिली. भावोजी म्हणायचे, "ही गोड बोलायला लागली की मला धडकीच भरते."

परवा मंजुरी आली. काल तिने राजीनामा दिला.

"व्हिसा रद्द करतो तुझा!" मालक ओरडला.

"करा की. आता तो तुमच्या हातात नाही."

त्याने दातओठ खाल्ले आणि कट्‌कन आवाज झाला. त्याने तोंडावर हात धरला. त्याचा अर्थ तिथे एकट्या धाकटीला कळला.

कारण शहरभर कवळ्या विकणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नाही. सगळे घरी गेल्यावर तो तिच्याकडून आपली कवळी करून घ्यायचा आणि साचा डोळ्यांदेखत फोडायला लावायचा. दुसऱ्या कुणाला त्याने कधी तोंड उघडून दाखवलं नाही. बांधलेली गाय कुठे जाते, असा हिशोब. दावं सुटेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

आता तो आमच्या खुर्चीत बसला होता. डबीत कवळीचे दोन तुकडे, वर घरच्या गोंदाचे ओघळ.

"दुपारी शहरातल्या सगळ्या दंतवैद्यांपुढे माझं भाषण आहे. दुसऱ्या लॅबमध्ये नेली तर गावभर होईल. तू... तुम्हीच जोडून द्या, ताई."

भावोजी अर्ध्या दाढीनिशी दारात उभे. लेकीने विचारलं, "आई, काकांचे दात कुठे गेले?"

"डबीत आहेत, बाळा."

मी धाकटीच्या कानाशी लागले. "दे जोडून. देव बघतो."

"देवाला बघू दे. मलाही बघायचंय."

तिने गोंद नखाने खरवडला, तुकडे एकमेकांना लावून पाहिले. "जोडता येईल. दुपारच्या आत मिळेल."

मालकाचे खांदे सैल पडले. "काय हवं ते माग."

धाकटीने मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आईला फोन लावला. पडद्यावर म्हातारीचा चेहरा आला. धाकटीने तुकडे डबीत ठेवले आणि डबी मुठीत धरली.

"बाहेर कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "एकच मागते. रुमाल काढा, माझ्या आईकडे बघा आणि म्हणा, 'हिला हिच्या बापाकडे जाऊ द्यायला हवं होतं.'"