ढांगभाऊ आणि लाखोळीची भाकर

ढांगभाऊ अंतर कधी कोसात सांगत नसे, ढांगांत सांगे. आमच्या अंगणापासून तलावाची पाळ दोनशे दहा ढांगा, त्याच्या झोपडीपासून आमचं दार ऐंशी. उंच, काटक माणूस. धोतर खोचून निघाला की बरोबरच्याला पळावं लागे. कुणाचा मांडव घालायचा असो की भावाभावांत धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, वाटायची असो, आधी ढांगभाऊला हाक जाई. तो मोजून आला की वाद मिटला. त्याचं खरं नाव काय, ते मला आजही सांगता यायचं नाही. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

तेव्हा सगळा चांदा जिल्हाच होता, गडचिरोली त्यातला तालुका. त्या बाजूच्या आमच्या गावात तो आमच्याकडे सालदार होता. मी दहा-अकरा वर्षांची. त्याच्या मागे धावून दमले की चिडवायचा, "बाई, तुह्या तीन ढांगा म्हंजे माही एक. लवकर मोठी हो." माझ्यावर फार जीव होता त्याचा.

आई त्याला कधी हात राखून वाढत नसे. एका वर्षी पावसानं दगा दिला, धान करपलं आणि बांधीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर लाखोळी, ती लाखेची डाळ, तेवढी तरारली. ढोलीतला जुना तांदूळ आमच्यापुरता होता. गड्यांना लाखोळीचं वरण आणि लाखोळीच्याच पिठाची भाकर. लाखोळीनं अंगात जोर येतो असं आईला वाटे, म्हणून ढांगभाऊच्या पानात इतरांपेक्षा एक भाकर जास्त. तोही मिटक्या मारत खाई आणि वहिनीच्या हाताला चव आहे म्हणे.

आधी त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. मग एका सकाळी गुडघे वाकेनात, टाचा जमिनीला टेकेनात. चवड्यांवर, एका पायात दुसरा अडकवत, तो काठीनं येऊ लागला. मोजणी मात्र सुटली नाही. आमचं दार ऐंशीवरून दीडशेवर गेलं, मग तीनशेवर. दारात टेकला की आकडा सांगून हसायचा. आम्हाला हसू येत नसे.

कारण त्यानं स्वतःच शोधून काढलं होतं. आदल्या वर्षी पैजेवर त्यानं पलीकडच्या गोंड पाड्यातलं देवाचं रान ढांगांनी मोजलं होतं. ते रान कुणी मोजायचं नाही, अशी तिथली रीत. तिथल्या पुजाऱ्यानं, भूमकानं, अडवलं तरी हा पठ्ठ्या हसत मोजून आला. आता त्याचं म्हणणं एकच, देवानं ढांगा परत घेतल्या. दरवर्षी कोंबडा घेऊन बैलबंडीतून जाई, जमिनीला डोकं लावून माफी मागे, आणि पाय तसेच राहिले की चारचौघांत देवाला बोल लावी. "लय कठोर देव हाये थो," म्हणे.

पाय आखडले त्याच वर्षी दौऱ्यावरचे एक सरकारी डॉक्टर आमच्या ओसरीवर चहाला थांबले. ढांगभाऊची चाल पाहून, हा काय खातो, असं त्यांनी बाबांना विचारलं. मग सांगितलं, की महिनोन्‌महिने लाखोळीच पोटात गेली की पाठीच्या कण्यातून पायांकडे जाणाऱ्या नसा मरतात. गेलेलं परत येत नाही. मी दाराआड होते, आई चुलीपाशी. बाबांनी त्या दिवसापासून लाखोळी बंद केली, ढांगभाऊला तांदूळ सुरू केला आणि आम्हा दोघींना बजावलं, की हे त्याच्या कानावर जाता कामा नये, नाहीतर उद्या आपल्या बांधीत एक गडी उतरायचा नाही. आम्ही गप्प बसलो. कोंबडा न्यायला बंडी मात्र दरवर्षी आमचीच. बैल बाबा स्वतः जुंपून देत. केवढी चांगली माणसं आम्ही!

लग्न होऊन मी नागपूरला गेले. बाबा वारले तेव्हा माहेरी आले, तर ढांगभाऊ बसूनच सरकत होता. आता बंडीतही चढवेना, कोंबडा तरी पोचता करा, अशी आईची विनवणी करत होता. आई तोंडाला पदर लावून आत गेली. मग मीच त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. भाकर, डॉक्टर, बाबांचं बजावणं. वाटलं, आता शिव्या देईल, काठी उगारेल. मला तेच हवं होतं.

त्यानं स्वतःच्या पायांवरून हात फिरवला.

"म्हंजे देवाचा काई कसूर नाई?"

"नाही, भाऊ."

"मंग मी इतके वर्स त्याले उगाच बदनाम केलो." त्यानं दोन्ही कान धरले. "बाई, तू जाऊन ये. माह्याकडून माफी माग त्याले."

आमच्याबद्दल एक शब्द नाही.

गेले. म्हाताऱ्या भूमकानं सगळं ऐकून घेतलं आणि एका झाडाखाली मला डोकं टेकू दिलं. ढांगभाऊच्या वतीनं माफी मागून झाली. आमच्या चुकीची मागायची तर ती त्याच्याच दारात मागायला हवी होती.

परतले तेव्हा तो अंगणात वाट पाहत होता. देव काय म्हणाला, एवढंच त्यानं विचारलं. काही नाही म्हणाला, असं सांगितल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. तेव्हाच त्याची माफी मागायची होती मला. ती न मागताच दुसऱ्या दिवशी मी नागपूरला निघून आले, आणि पावसाळ्याआधी तो गेल्याचं आईचं पत्र आलं.

आता मीही म्हातारी झाले. संध्याकाळी फिरायला निघते आणि नकळत मोजणी सुरू होते. ऐंशीला पाय आपोआप थांबतात. समोर त्याची झोपडी नसते.