ताईंकडचा मुक्काम

गल्लीत तिला सगळे शिवणमावशी म्हणत. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, येईल ते ती शिवून द्यायची. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन होतं. ती इतकी वर्षं तिथं बसली होती की खुर्चीच्या पायांनी फरशीवर खळगे पाडले होते. नवरा चष्म्याच्या फ्रेमा विकायचा. सोमवारी नमुन्यांची पेटी उचलून निघायचा, गावोगावच्या चष्म्याच्या दुकानांतून फिरायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी परत यायचा. घरात पाऊल टाकलं की त्याचं बोलणं संपायचं. खुर्ची, वर्तमानपत्र आणि समोर आलेलं ताट. इकडची काडी तिकडे करायचा नाही. ती स्वतःची समजूत घालायची, की आठवडाभर दुकानदारांपुढे तोंड वाजवून दमतो बिचारा, घरी तरी गप्प बसू दे.

एका विषयावर मात्र तो खुलायचा, तो म्हणजे त्याचे मुक्काम. हॉटेलं त्याला मानवत नसत. कुणाच्या तरी घरातली एखादी खोली, रात्रीची झोप आणि सकाळी घरच्यांबरोबर न्याहारी, अशी ठिकाणं त्यानं वाटेवर हेरून ठेवली होती.

"टेकडीवरच्या मास्तरांकडे अंडं काय उकडतात! आतलं पिवळं अगदी लोण्यासारखं," असं तो तिनंच उकडलेलं अंडं सोलता सोलता सांगायचा. "आणि नदीकाठच्या ताईंकडच्या चादरी. अंग टाकलं की डोळा लागलाच."

ती ऐकून घ्यायची. पुढच्या खेपेला अंडं वेळेवर उतरवायची. तोवर त्याचं डोकं वर्तमानपत्रात गेलेलं असायचं.

तो निवृत्त झाला तेव्हा लेकीनं टुमणं लावलं, "बाबा, आईला एकदा घेऊन जा तुमच्या त्या ठिकाणी. जन्मभर नुसतं ऐकतेय ती." त्याला ते पटलं. तिनं हातातले पडदे बाजूला सारले आणि स्वतःसाठी एक जाकीट शिवलं, आतून अस्तर लावून. गिऱ्हाइकांना ती अस्तराची सक्ती करायची, स्वतःच्या कपड्याला तिनं ते पहिल्यांदाच लावलं.

टेकडीखाली बसमधून उतरल्यावर त्यानं दोन्ही बॅगा उचलल्या. तिनं हात पुढे केला तर म्हणाला, "राहू दे गं, चढ आहे."

ती चाट पडली. मास्तरांच्या घरी तर त्याचं वेगळंच रूप. सकाळी टेबलावर आणखी एक जोडपं होतं. त्यानं त्यांना असे काही किस्से सांगितले की त्या बाईला हसून ठसका लागला. मग यानंच उठून तिला पाणी दिलं. शिवणमावशीही हसली. तिच्या मनात आलं, निवृत्ती मानवली म्हणायची. आता उरलेले दिवस बरे जातील. नव्या जाकिटाची कॉलर तिनं उगाचच दोनदा सारखी केली.

दुसरा मुक्काम ताईंकडे. ताई म्हणजे साठी ओलांडलेली, गुडघ्यानं अधू झालेली विधवा. नदीकडेला बैठं घर, मागे फरसबंद अंगण. दारातच त्या म्हणाल्या, "भाऊ, वहिनींना आणलंत एकदाचं!"

सकाळी शिवणमावशीला जाग आली तर शेजारची उशी रिकामी. स्वयंपाकघरातून कपबश्यांचा आवाज येत होता. ती दारापर्यंत गेली आणि तिथंच थबकली. नवरा बाह्या दुमडून, खांद्यावर पंचा टाकून सिंकपाशी कप विसळत होता. कुठला कप कुठल्या फळीवर, त्याला न बघता ठाऊक होतं.

"तुम्ही बसा हो ताई, गुडघा आधी सांभाळा. चहा मी गाळतो."

ताईंनी तिला पाहिलं. "या वहिनी. भाग्यवान आहात. हे काय आजचंच आहे? पंधरा-वीस वर्षं झाली, भाऊ आले की मला भांड्याला हात लावू देत नाहीत. घरीही तुम्हाला काही करू देत नसतील."

तो वळला नाही. नळ मात्र जरा मोठा सोडला.

"हो ना," शिवणमावशी म्हणाली.

ती टेबलाशी बसली. तिच्यासमोर टोस्ट आला, लोणी आलं, मऊ अंडं आलं. घास तोंडात फिरत राहिला. एका बाईला दुसऱ्या बाईच्या डोळ्यांत जे शोधावंसं वाटतं, ते तिनं ताईंच्या डोळ्यांत शोधून पाहिलं. तिथं तसलं काही नव्हतं. असतं तर निदान कडाकडा भांडता आलं असतं.

इतक्यात ताईंची मुलगी आली, कडेवर पोर घेऊन. पलीकडच्याच रस्त्यावर राहायची. "फ्रेममामा आलेत कळलं म्हणून धावत आले," असं म्हणत ती शिवणमावशीच्या शेजारी टेकली. "मामी, मला सायकल कुणी शिकवली माहितीये? मामांनी. या अंगणात. दर मंगळवारी कामावरून आले की सीट धरून माझ्यामागे पळायचे. मी मेली धांदरट, कितीतरी दिवस पडत होते. पण एकदा म्हणून ओरडले नाहीत."

शिवणमावशीनं कप खाली ठेवला. तिच्या स्वतःच्या लेकीला शेजारच्या कंपाउंडरनं सायकल शिकवली होती. पोर उतारावर पडली, समोरच्या दाताचा तुकडा उडाला. हे झालं बुधवारी. शुक्रवारी बाप घरी आला, जेवला, झोपला. रविवारी दुपारी त्यानं विचारलं, "हिच्या दाताला काय झालं?"

घरची म्हणते देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा. ही म्हण तिनं हजारदा ऐकली होती. आपल्या घराला लागू पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

न्याहारीनंतर खोलीत आल्यावर तिनं दार लावलं. तो खिडकीशी उभा राहून अंगणापलीकडच्या नदीकडे बघत होता.

"आपल्या घरी काय झालं होतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"कशाचं काय झालं होतं?"

"मला तापात उठून भांडी घासताना बघितलंय तुम्ही. खुर्चीतून बघितलंय."

तो खिडकीपासून वळून पलंगाच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "इथं कुणी माझ्याकडून कसली अपेक्षा धरत नव्हतं. एक कप विसळला तरी कौतुक व्हायचं. घरी आलो की वाटायचं, काहीही केलं तरी कमीच पडणार. आणि अगं, एका रात्रीपुरतं चांगलं वागणं सोपं असतं."

"मला तेवढंही चाललं असतं," ती म्हणाली. "आठवड्यातून एक रात्र."

 निदान खोटं काही बोलला नाही, तेवढं तिनं त्याच्या पदरात टाकलं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामाला निघायचं होतं. तिनं बॅग भरली नाही. "तुम्ही जा. मी इथंच राहते दोन दिवस." त्यानं समजूत घालून पाहिली, ताईंकडे बघून कसनुसं हसला, शेवटी एकटाच गेला. ताईंना काय ते उमगलं असावं. त्या फक्त न्याहारीचं ताट तिच्या खोलीत पाठवत राहिल्या. दोन दिवस तिनं हातात सुई धरली नाही. सुख मात्र वाटलं नाही. ज्या अंगणाकडे बघायचं नव्हतं, नेमकी त्याच अंगणात खोलीची खिडकी उघडायची.

परतताना ती लेकीकडे उतरली. लेकीनं विचारलं, "मजा आली ना? बाबा कसे असतात गं तिथं?"

"छान असतात," आई म्हणाली. बाकीचं तिनं गिळलं. एकीला कळलं तेवढं पुरे होतं.

पुढे काही दिवस नवरा जेवण झालं की स्वतःचं ताट उचलून सिंकपाशी न्यायला लागला. ती त्याच्या हातातून ते काढून घ्यायची. "राहू द्या. पाहुण्यांनी कामं करायची नसतात." तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर त्यानं नाद सोडला. बोलताना तिला बरं वाटायचं, पण ते बरं वाटणं ताट घासून होईपर्यंतही टिकत नसे. कधी कधी तिच्या मनात यायचं, एखादं ताट नेऊ द्यायला हवं होतं. मग उतारावर पडलेली पोर आठवायची आणि ओठ घट्ट व्हायचे.

आता तो वर्षातून दोनदा एकटाच जातो. ताईंचा गुडघा अजून दुखतो, मास्तरांना कमी ऐकू येतं, हे तो आल्यावर सांगतो. ती मशीन न थांबवता ऐकते. ते जाकीट तिनं गल्लीतल्या एका बाईला देऊन टाकलं. खांद्यात जरा उसवून द्यावं लागलं, एवढंच.