भाऊबिजेचं सारवण

भाऊबिजेच्या दुपारी बायकोनं अंगण सारवायला घेतलं. ती शेण कालवत होती, मी पाणी ओतत होतो. कालवायला घमेलं नव्हतं, जर्मन शिपायाचा लोखंडी टोप होता. वर्षभर माळ्यावर पडलेला, फक्त भाऊबिजेला खाली यायचा. बाकीच्या बाया भावाला ओवाळायच्या. हिचा भाऊ, माझा मेहुणा, लढाईत आफ्रिकेच्या वाळवंटात माझ्या शेजारच्या खड्ड्यात होता. जर्मनांची रणगाड्यांची डिव्हिजन आमच्यावर चालून आली. एक रणगाडा त्याच्या खड्ड्यावर थांबला आणि जागच्या जागी फिरला, खड्डा बुजेस्तोवर. राख आणायलाही काही उरलं नाही. पुढं तीच डिव्हिजन पेट्रोलवाचून अडकली, हात वर करून आली. तवा मी एकाच्या डोक्यावरचा टोप ओढून घेतला आणि घरी आणून हिच्यापुढं ठेवला.

आदल्या आठवड्यात पुण्याचा एक लष्करातला रिटायर साहेब दौंडला आमच्या घरी आला. त्या डिव्हिजनचा इतिहास लिहीत होता. "आबा, शत्रू खरे, पण काय शूर! काय शिस्त!" टोप त्यानं स्वतःच्या रुमालानं पुसला. माझं कुणी एवढं ऐकून घेतलं नव्हतं. मी भुललो. भाऊबीज झाली की न्या म्हणालो.

"शब्द दिलाय?" ती कालवता कालवता बोलली.

"दिला."

"माझ्या भावाला इचारलं?"

"अगं, त्याला जाऊन तीस वर्सं झाली."

"मंग म्या मेल्यावर तरी द्यायचा हुता."

शेवटचा हात फिरवून ती भिंतीला टेकली. छातीत कळ आली म्हणाली. दिवस मावळायच्या आत गेली. त्याच संध्याकाळी नदीकाठी तिला अग्नी दिला.

सकाळी साहेबाची जीप आली. घरात तिला निजवलेली जागा सारवायची होती. सून पुढं झाली, मी तिला बाजूला केलं. जन्मात मी कधी सारवलं नव्हतं. टोप ओढला, शेण टाकलं, पाणी ओतलं.

साहेब बूट काढून दारात उभा. "आबा, फार वाईट झालं. पण तो टोप... गंजेल हो."

"साहेब, बुकात लिवा. त्या डिव्हिजनचा एक शिपाई दौंडात हाय. त्याच्या डोक्यात शेण हाय. म्या जित्ता हाय तवर ते निघायचं न्हाई."

मी गुडघे टेकले, टोपात हात घातला आणि ती जागा सारवायला घेतली.