डेप्युटीसाहेबांच्या घोडीचे दोष

नव्या सत्रासाठी खडू, शाई, नकाशे यांची यादी करत बसलो होतो. तेवढ्यात सारंगखेड्याहून आलेल्या गाडीवानाने सांगितले, आमचे अण्णा मास्तर गेले. यादी तशीच ठेवून निघालो. वाटेत अण्णा डोळ्यांसमोर होते, पण गंभीर काही दिसेनात... हसतानाच दिसत राहिले.

तापीकाठच्या आमच्या लहानशा शाळेत मी गणित शिकवी, अण्णा इंग्रजी. मुले घरी अहिराणी बोलणारी. शाळेतली मराठीच त्यांना पाहुणी, मग इंग्रजीची काय कथा! धडे घडाघडा पाठ म्हणत, पण साधा प्रश्न विचारला की वर्ग मुका. हीच मुले अण्णांनी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पाहिली होती. जनावर दिसले की त्यात खोट काढल्याशिवाय आमच्याकडे कुणी पुढे सरकत नाही, पोरेसुद्धा. मग अण्णांनी बाकाचाच घोडा केला. एकाने तो विकायचा, बाकीच्यांनी इंग्रजीत त्याचे दोष काढायचे. अंगावर केसांचा भोवरा नको तिथे असला की सौदा मोडतो, म्हणून एकाने विचारले, "मास्तर, भोवराले काय म्हंतस?" अण्णा म्हणाले, "माले बी माहीत नही. जसं येई तसं बोल, भो!" "बॅड राउंड हेअर!" पोराने ठोकून दिले आणि वर्गाचे तोंड उघडले.

त्याच वर्षी डेप्युटीसाहेब तपासणीला आले. इंग्रजीचे वर्ग ठेवायचे की बंद करायचे, हे त्यांच्या शेऱ्यावर होते. बंद झाले असते तर पोरांना धुळ्याला ठेवून शिकवण्याची ऐपत फार थोड्या घरांत होती. साहेबांनी इंग्रजीत प्रश्न विचारले. कुणी तोंड उघडेना. साहेबांनी टाक उचलला... तेव्हा अण्णांनी खिडकीबाहेर बांधलेल्या साहेबांच्या पांढऱ्या घोडीकडे बोट केले. "पोरांनो, ती घोडी विकायची आहे."

मी कपाळाला हात लावला.

"ओल्ड हॉर्स!" मागून आवाज आला. "लेग नॉट स्ट्रेट!" "शी ईट मच, रन लिटल!" साहेब ताडकन उठले. "शी इज ओन्ली सिक्स!" "नो सर, टेन! सी टीथ!" तपासणी राहिली बाजूला. सगळा वर्ग खिडकीशी, आणि साहेब एकटे घोडीच्या बाजूने भांडताहेत! शेवटी घाम पुसत त्यांनी शेरा लिहिला : मुले बोलतात, नको तितकी बोलतात. वर्ग राहिले. निरोप देताना अण्णा म्हणाले, "घोडी झकास शे, साहेब. पन गिऱ्हाईक आसं बोलस का कधी?"

आता त्यांचा वर्ग माझ्याकडे आला आहे. पहिल्या तासाला मी व्यवस्थित तयारी करून गेलो. मुले व्यवस्थित गप्प बसली. अखेर माझी छत्री टेबलावर ठेवली, नवीकोरी, दहा दुकाने पारखून घेतलेली. म्हटले, "फॉर सेल." मागच्या बाकावरून आवाज आला, "स्मॉल अंब्रेला, सर. यू बिग."

छत्रीत काहीही खोट नाही. हे मी त्यांना घंटा होऊन गेल्यावरही इंग्रजीत पटवत होतो.