बुवांची झांज

आमचे बुवा बोलायला इतके कंजूष, की एसटीत कंडक्टरने "कुठं?" विचारलं तरी पैसे पुढे करून नुसती हनुवटी गावाच्या दिशेला करायचे. तोच माणूस शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात शक्तीवाल्यांकडून गायला उभा राहिला, की समोरच्या तुरेवाल्याला घाम फुटायचा. पोलादपूरपासून महाडपर्यंत रिक्षांमधून त्यांच्या कॅसेटी वाजायच्या. मी त्यांच्या मागे झील धरायचो, म्हणजे त्यांनी टाकलेली ओळ उचलायचो. तेवढ्या मानावर माझं लग्न जमलं, असं बायको अजून म्हणते.

सामन्याची आमच्याकडची रीत अशी, की गाण्यातून सवाल आला तर जवाबही गाण्यातूनच द्यायचा. जवाब नसेल तर हातातली झांज जमिनीवर ठेवायची. ती जिंकणारा घेऊन जातो आणि जवाब मिळाल्याशिवाय परत देत नाही. बुवांनी झांज कधी ठेवली नव्हती. त्यांना विषयाचं वावडंही नव्हतं. कशेडी घाटातली दरड, गावची गळकी टाकी, दारू पाजून मतं मागणारे, सगळ्यांना त्यांनी गाण्यात धुतलं होतं. एक पुढारी घरी येऊन दम देऊन गेला, तेव्हा एवढंच म्हणाले, "गला माजा हाय, पन आवाज गावाचा हाय."

मग उत्तरेत बर्फात लढाई पेटली. आमच्या भागात घरटी एक फौजी. बुवांचा भाचा संतोषही तिकडेच होता. बुवांनी लढाईवर गाणं बांधलं. पडवीत आम्ही चाल बसवत होतो, तेवढ्यात आक्का आतून आली. आक्का म्हणजे बुवांची थोरली बहीण, संतोषची आई. बुवांना लहानाचं मोठं तिनेच केलेलं.

"नको गाऊस रे," ती म्हणाली. "तू गाशील तं ग्वाडच गाशील. लोकं टाल्या वाजवतील, आनि माजा पोर तिथं गोल्यांपुढं उभा हाय. तो घरी येईस्तवर लढाईवर तोंड उघडू नको." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आनि मी भ्याले असं कुठं बोलू नको. फौजीची आय हाय मी."

बुवांनी मान हलवून शब्द दिला आणि तिथेच ते अडकले. गाणं बंद, आणि ते का बंद हे सांगणंही बंद.

बाजारात लोक वाट अडवून विचारायचे, "बुवा, टाकीवर गाता, जवानांवर नाय?" पुढे निवडणूक आली. एक जीपवाला म्हणाला, सभेत एक गाणं म्हणा, नाहीतर लोक समजायचं ते समजतील. त्याच्या विरोधातला दुसरा येऊन पाठ थोपटून गेला, की कलावंताने राजकारणात पडूच नये, छान केलंत. बुवांना त्या शाबासकीचाच जास्त राग आला. "ह्यापेक्षा शिव्या बऱ्या," म्हणाले. हळूहळू त्यांनी बाजारात जाणंच सोडलं.

गणपतीत देवळापुढे दुपारचा सामना लागला. लढाई थांबली होती, पण संतोष अजून घरी आला नव्हता. शिवथरकडच्या तुरेवाल्याने नेमका सवाल टाकला: रणात पोरं उभी असताना ज्याचा कंठ मिटला, त्याला शाहीर म्हणायचं की मुका? लोक पुढे सरकले. जवाब तयार होता, पडवीत बसवलेलं तेच गाणं, मला सबंध पाठ होतं. मी झील धरायला श्वाससुद्धा घेतला. बायकांत पुढेच आक्का बसली होती, पदराचं टोक दातात धरून. बुवांनी तिच्याकडे पाहिलं आणि झांज खाली ठेवली. शिट्ट्या झाल्या.

परतताना मी भांडलो. गावाने मोठा केलेला गळा गावाच्या वेळेला उघडायलाच हवा, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. "आवाज गावाचा आहे ना तुमचा?" मी म्हटलं.

"हाय ना," बुवा म्हणाले. "पन त्या गावात आक्काबी राहते."

दिवाळीनंतर संतोष आला, धडधाकट. मामाच्या पाया पडला आणि म्हणाला, "मामा, कॅसेट नाय धाडलीत? पोरांना सांगून ठेवलं व्हतं, माजा मामा आपल्यावर गानार. लय वाट बघितली आमी." आक्का चुलीपाशी होती. ती काही बोलणार, त्याआधीच बुवा म्हणाले, "सुचलं नाय रे मला."

आता शब्दातून ते मोकळे होते. पण झांज आणायला काही गेले नाहीत. जवाब दिला असता, तर इतके दिवस का दिला नाही हे लोकांनी विचारलंच असतं. पुढे दोन-चार वर्षांत बुवा गेले. मला फार पोरकं वाटलं.

दहाव्याला तुरेवाला स्वतः झांज घेऊन आला. फोटोपुढे ठेवून म्हणाला, "जवाब राहिला बुवांचा."

"त्याला सुचलं व्हतं," आक्का म्हणाली. पुढ्यात संतोष बसला होता, सगळा गाव होता. "मीच गाऊ दिलं नाय. भ्याले व्हते मी." मग तिने झांज उचलून माझ्या हातात दिली. "तुला पाठ हाय ना? म्हन."

पाठ होतं. पण मी झीलवाला. झांज हातात धरून मी बुवांच्या फोटोकडे बघत राहिलो, पहिली ओळ ते टाकतील म्हणून.