एकटीला खोली नाही

"अकेली लेडीज को रूम नहीं," लॉजवाला मान वर न करता म्हणाला. इंदूरहून मोटरसायकलवर एकटी निघालेली मी हिमाचलच्या घाटात गारठले होते, आणि त्या गावात मला परवडेल असं दुसरं लॉज नव्हतं. मी अजिजी करत राहिले.

रस्त्याने जाणारी एक बाई थांबली. पाठीवर गवताचा भारा, त्याची दोरी कपाळाला ताणलेली. भारा न उतरवता, वाकूनच ती कडाडली, "अकेले मर्द को तो चाबी देता है! खतरा किससे है, इससे या उससे?" मग मला म्हणाली, "चल."

तिच्या चुलीपाशी मी राजमा-भात जेवले. ती अजून भांडी आपटत होती. मी म्हटलं, "जाने दो दीदी, मुझे तो आदत है."

"आदत तुझे," ती म्हणाली, "और भुगतेगी तेरे पीछे आने वाली."

घाट उतरताना ते वाक्य मला जाळत राहिलं.

इंदूरच्या जुनी इंदूर भागातल्या घरी परतले, तेव्हा काका माझ्या धाकट्या बहिणीला बजावत होते, "तू या एकटीनं गाडीवर फिरायच्या चक्करमध्ये पडू नको हं."

"ती जाणार, काका," मी म्हटलं. "गाडी मीच शिकवणार." माझा आवाज चढला होता. मी तो खाली आणला नाही.